खडीच्या थरांवरून जुनी थंडी कशी ओळखतात?

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये शारांत नावाचा प्रदेश आहे. कोन्याक ही नावाजलेली ब्रँडी तिथलीच. चुनखडीच्या बुटक्या टेकड्या, त्यांवर द्राक्षमळे, अटलांटिककडून येणारी दमट हवा, आणि हिवाळा बेताचाच. इथे कधीकाळी जमीन कडकडून गोठत असेल असं वरवर पाहून कुणालाही सुचणार नाही. ते कळतं टेकडीचा पायथा कापल्यावर. खडी काढण्यासाठी खणलेल्या जुन्या खाणींच्या उभ्या कापात चुनखडीच्या कपच्यांचे थर एकावर एक रचलेले दिसतात. एक थर निव्वळ कपच्यांचा, मधल्या फटी मोकळ्या. त्यावरच्या थरात तशाच कपच्या, पण पिठासारख्या बारीक मातीत रुतलेल्या. मग पुन्हा मोकळा, पुन्हा मातकट. प्रत्येक थर काही सेंटीमीटरांपासून वीतभर जाडीचा, आणि सगळे थर उताराच्या दिशेने तिरके झुकलेले.

मोकळ्या थरात करंगळी सहज आत जाते आणि दोन-चार कपच्या खळखळ खाली येतात. मातकट थर मात्र खुरप्याने खरवडावा लागतो. कपच्या हातात घेऊन पाहिल्या तर बहुतेक दोन-अडीच सेंटीमीटरांच्या आतल्या, कडा धारदार, कोपरे शाबूत. नदीतल्या गोट्यांसारखी गोलाई कुठेच नाही, म्हणजे या कपच्या फार लांबून आलेल्या नाहीत. वरच्याच कातळातून सुटल्या आणि इथे येऊन थांबल्या.

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. डोंगराचा दगड फुटतो, तुकडे खाली येतात, पायथ्याशी ढीग होतो. डोंगर चढणारे लोक अशा निसरड्या ढिगाला घसारा म्हणतात. पण साध्या घसाऱ्याचं वागणं वेगळं असतं. तो ३० ते ३५ अंशांच्या उतारावर कसाबसा तोल सांभाळून असतो. मोठा दगड जास्त वेगाने येतो म्हणून पार तळाशी जातो आणि बारीकसारीक वरच अडकतं. आतली रचना बहुतांशी अस्ताव्यस्त. शारांतमधल्या थरांत मोठे धोंडे जवळजवळ नाहीतच, आणि हे थर कित्येक ठिकाणी १०-१५ अंशांच्या उतारावर आहेत. तेवढ्या उतारावर कोरडी कपची स्वतःहून घरंगळत नाही, जिथे ठेवाल तिथे बसून राहते. म्हणजे तिला कुणीतरी ढकलत, उचलत, वाहून आणलं. शिवाय खडी आणि माती आळीपाळीने वेगळी केली. हे काम कुणी केलं?

ईव्ह गियाँ या फ्रेंच संशोधकाने १९५१ साली शारांतच्या या थरांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ‘ग्रेझ लिते’ हे नाव भूरूपशास्त्रात रुळलं. ग्रेझ म्हणजे तिथल्या बोलीत अशी कपच्यांची खडी, आणि लिते म्हणजे थरांची. मराठीत ‘थरांची खडी’ म्हटलं तरी चालेल, मी पुढे तेच म्हणणार आहे. मोठ्या दगडांच्या, जास्त तीव्र उतारावरच्या भावंडांना फ्रेंच लोक ‘एबुली ऑर्दोने’ म्हणजे शिस्तीतला घसारा म्हणतात. असे थर पुढे वेल्समध्ये, पिरेनीज पर्वतात, इटलीच्या अपेनाइन रांगांत आणि इतरही अनेक ठिकाणी नोंदले गेले. यातल्या पुष्कळ जागा अशा, की जिथे आज या प्रकारची खडी तयार होत नाही. तयार करणारा कारखानाच बंद पडला आहे, माल तेवढा शिल्लक आहे.

आधी दगड फुटायला हवा

शाळेत आपण शिकतो की पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, म्हणून फटीतलं पाणी गोठून दगड फुटतो. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये तडकते, तसंच. खोटं नाही हे, पण अपुरं आहे. बाटलीला घट्ट झाकण असतं. दगडातली फट बहुधा एका बाजूने उघडी असते आणि पाण्याने पूर्ण भरलेलीही नसते, त्यामुळे फुगणाऱ्या बर्फाला सरकायला जागा मिळते.

इथे मला स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाचा प्रयोग फार आवडतो. १९३० च्या सुमारास त्याने माती गोठवून ती वर कशी उचलली जाते हे तपासलं. मग त्याने पाण्याच्या जागी बेन्झिन वापरलं. बेन्झिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती उचलली गेली! म्हणजे उचलण्याचं श्रेय निव्वळ फुगण्याला देता येत नव्हतं. टेबरने दाखवलं ते असं, की गोठणारा थर आजूबाजूचं न गोठलेलं पाणी स्वतःकडे ओढून घेतो. बर्फाची एक पातळ चकती तयार होते, ती पाणी शोषत जाडजूड होत जाते आणि वरचं ओझं उचलते. दगडाच्या आतही हेच घडतं. बारीक छिद्रांतलं पाणी शून्याच्या खाली जाऊनही काही काळ द्रवरूपात राहतं, झिरपत झिरपत फटीतल्या बर्फाकडे येतं आणि ती फट हळूहळू पाचरीसारखी रुंदावत जाते.

या प्रकाराला हवं तापमानही ठरावीक पट्ट्यातलं. दगडागणिक फरक पडतो, पण उणे ३ ते उणे ८ अंश सेल्सिअस हा पट्टा पुष्कळ अभ्यासांत वापरला जातो. त्याहून फार थंड झालं तर छिद्रांतलं पाणी हलेनासं होतं आणि बर्फाची उपासमार होते. त्यामुळे ‘जितकी थंडी जास्त तितका दगड जास्त फुटणार’ हा हिशेब चुकतो. ओलावा नसेल तर उणे ४० अंशांतही दगड ढिम्म राहील.

दगडाची जातही महत्त्वाची. सच्छिद्र चुनखडी, खडू, पापुद्रे सुटणारा शिस्ट आणि शेल हे थंडीला लवकर शरण जातात आणि एकसारख्या लहान कपच्या देतात. घट्ट, कमी भेगांचा कातळ दाद देत नाही, दिलीच तर मोठाले चौकोनी धोंडे देतो. थरांची खडी मुख्यतः चुनखडी आणि शिस्टच्या मुलखात का सापडते याचं निम्मं उत्तर इथे आहे. आणि एक इशाराही: एखाद्या डोंगरावर अशी खडी नाही, म्हणून तिथे थंडी नव्हती असं म्हणता येत नाही. कदाचित दगडच चिवट होता.

मग थर कसे पडतात?

याचं उत्तर मिळायला बराच वेळ लागला, कारण शारांतमध्ये उभं राहून फक्त तयार माल दिसतो. कारखाना चालू असलेली जागा शोधायला हवी होती. ती सापडली विषुववृत्ताच्या जवळ, अँडीज पर्वतात. बर्नार फ्रांकू या फ्रेंच संशोधकाने १९८० च्या दशकात तिथल्या उंच उतारांवर हे थर घडताना अभ्यासले.

उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरावर उन्हाळा-हिवाळ्यात फारसा फरक नसतो, फरक असतो तो दिवस आणि रात्रीत. साडेचार-पाच हजार मीटरांवर जवळपास रोज रात्री जमीन गोठते आणि रोज सकाळी उन्हाने वितळते. पेरूमधल्या मिस्ती ज्वालामुखीच्या उंच उतारांवर वर्षातले तीनशेहून अधिक दिवस असे गोठण-वितळणाचे भरतात. वर्षातून तीनशे वेळा शून्य अंश ओलांडणारी जमीन शांत कशी बसेल?

रात्री ओलसर, बारीक मातीतून बर्फाच्या सुया उगवतात. हो, उगवतात हाच शब्द बरोबर आहे. जमिनीच्या पृष्ठभागाशी पाणी गोठतं, खालून आणखी पाणी ओढलं जातं, आणि एकमेकींना चिकटून उभ्या अशा बारीक बर्फकाड्या तयार होतात, एखाद-दोन सेंटीमीटर ते कधी त्याहून उंच. त्यांच्या टोकांवर मातीचे कण आणि कपच्या चक्क उचललेल्या असतात. या सुया उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, म्हणजे कपची किंचित पुढे झुकून वर येते. सकाळी सुया वितळल्या की ती सरळ खाली पडते. वर जाताना तिरकी, येताना उभी. या एका उठाबशीत ती उताराच्या दिशेने काही मिलिमीटर पुढे गेलेली असते. उद्या पुन्हा. परवा पुन्हा.

आता गंमत अशी, की दगड आणि माती एकाच वेगाने चालत नाहीत. गोठण-वितळणाच्या या खेळात दगड हळूहळू पृष्ठभागावर येतात, आणि पृष्ठभागावरचा दगड खालच्या मातीपेक्षा झपाझप पुढे जातो. त्यामुळे उतारावर जिभेसारखे पसरट पट्टे तयार होतात: मागे ओली माती, वर पातळसा दगडांचा थर, आणि पुढच्या टोकाला दगडांचा छोटा बांध. हा पट्टा वर्षाला काही सेंटीमीटर पुढे सरकतो. सरकताना त्याच्या तोंडाशी जमलेले दगड पुढे घसरून पडतात आणि मागून येणारा मातकट भाग त्यांच्यावर चढतो. रणगाड्याचा पट्टा आठवा. वरचा भाग पुढे जातो, टोकाला खाली वळतो, आणि मग रणगाडा त्याच्यावरूनच जातो. दगडांचं तसंच होतं. जे वर होते ते खाली गाडले जातात. खाली मोकळ्या दगडांचा थर, वर मातीत रुतलेल्या दगडांचा थर. झाली एक जोडी! त्यानंतर वरून दुसरा पट्टा येतो आणि पहिल्यावर आपली जोडी अंथरतो.

शारांतच्या कापात दिसणारी मोकळा-मातकट-मोकळा-मातकट ही लय अशी समजावता येते. ओल्या, गोठून सैल झालेल्या मातीच्या अशा संथ वाहण्याला सॉलिफ्लक्शन म्हणतात. हा शब्द स्वीडनच्या योहान गुन्नार आंदरसन याने १९०६ साली घडवला. (हाच आंदरसन पुढे चीनमध्ये गेला आणि ‘पेकिंग मानवा’च्या शोधाशी त्याचं नाव जोडलं गेलं. माणसं कुठून कुठे जातात!)

मात्र सगळे थर याच एका वाटेने आले, असं आज कुणी जाणकार म्हणत नाही. बर्फ वितळण्याच्या दिवसांत जमिनीचा वरचा थर सुटतो पण खालचा अजून गोठलेलाच असतो. पाण्याला खाली मुरायला वाव नाही, म्हणून ते पृष्ठभागावरून पातळ पडद्यासारखं वाहतं, वरच्या खडीतली बारीक माती धुऊन नेतं आणि जरा खाली उतार मंदावला की सोडून देतं. काही थर चिखल-दगडांच्या लोंढ्यांचे असतात. ते भिंगासारखे मध्ये जाड आणि कडेला निमुळते दिसतात, दूरवर सलग जात नाहीत. तीव्र उतारावर कोरड्या खडीचा एखादा ओघळ सुटतो, त्यात मोठे दगड वर आणि बारीक खाली अशी उलटी मांडणी होते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात गास्पेझी भागात बर्नार एतू या संशोधकाने आणखी एक तऱ्हा नोंदवली: हिवाळ्यात कपच्यांवर गोठलेल्या दहिवराचा पापुद्रा धरतो, दगडाला दगड नीट लागत नाही, घर्षण कमी होतं, आणि थोड्याशा धक्क्याने सगळी खडी सरसरत निघते. हिमलोट येतो तो वेगळाच, तो वाटेल तसे दगड मधे टाकून जातो.

एकाच खाणीच्या कापात या चार-पाच तऱ्हांचे थर मिसळलेले असू शकतात. म्हणून अभ्यासक लांबून फोटो काढून निकाल देत नाहीत. ते जवळ जातात.

एका कपचीवर दोन हवामानं

समजा आपण मातकट थरातून एक कपची अलगद काढली. काढण्यापूर्वी तिची वरची बाजू कुठली हे पेन्सिलने खूण करून ठेवलं, कारण सगळी गंमत त्यावरच आहे.

वरच्या बाजूला बहुतेकदा बारीक गाळाची टोपी चिकटलेली दिसते. जमिनीतला बर्फ वितळला की पाणी खाली झिरपतं, सोबत पिठासारखा गाळ नेतं, आणि वाटेत दगड आला की त्याच्या माथ्यावर तो गाळ साठतो. अशी टोपी फक्त माथ्यावर असेल तर कपची इथे आल्यावर पुन्हा फारशी हलली नाही. गाळाचं वेष्टण सगळ्या बाजूंनी असेल, तर ती कपची गडगडत, कलंडत आली, प्रत्येक कलंडण्यात नवी बाजू वर येऊन तिच्यावर गाळ चढत गेला. म्हणजे थर सरकत होता. एवढ्याशा टोपीवरून जमिनीची चाल कळते.

आता कपची उलटी करा. खालच्या बाजूला पांढरट, खडबडीत, लोंबणारे थेंब गोठावेत तशी चुन्याची पुटं दिसतात. ही बहुधा नंतरची. हवामान निवळलं, वर झाडझाडोरा आला, पावसाचं पाणी चुना विरघळवत खाली उतरलं आणि दगडाच्या तळाशी थबकलेल्या थेंबातून चुना साचला. वर गोठण-वितळणाची टोपी, खाली उबदार काळातला चुना. हातात मावेल एवढ्या दगडावर दोन युगं.

मातीचंही तसंच. मातकट थराचा ढेकूळ राळेत घट्ट करून, त्याचा केसाएवढा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर माती चपट्या पापुद्र्यांत विभागलेली दिसते. त्या पापुद्र्यांमधल्या फटी म्हणजे बर्फाच्या चकत्यांच्या रिकाम्या जागा. बर्फ हजारो वर्षांपूर्वी वितळून गेला, साचा तसाच राहिला. मला विचाराल तर या सगळ्या विषयात याहून सुंदर पुरावा नाही. दूरवरून पट्टे पाहून फसायला होतं, या पापुद्र्यांना पाहून क्वचित.

याशिवाय लांबट कपच्यांची तोंडं कुठे आहेत हे होकायंत्राने मोजतात. सॉलिफ्लक्शनमध्ये बहुतेक कपच्या लांबीने उताराच्या दिशेला लागलेल्या असतात, ओढ्याच्या प्रवाहात लाकडाची फळी लागते तशा. कोरड्या घसाऱ्यात ही शिस्त सैल असते. एका थरातल्या पन्नासेक कपच्या मोजायच्या, मग पुढच्या थरातल्या पन्नास. कंटाळवाणं काम आहे, पण निकाल देणारं.

थर नेमकं काय सांगतात

इथे वाचकाची एक अपेक्षा मोडावी लागणार. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे हे थर मोजून वर्षं काढता येत नाहीत. एक जोडी म्हणजे एक वर्ष नव्हे, एक जोडी म्हणजे एका पट्ट्याचं पुढे सरकून जाणं. समजा पट्टा २ मीटर लांब आहे आणि वर्षाला ५ सेंटीमीटर चालतो. स्वतःच्या लांबीएवढं अंतर कापायला त्याला ४० वर्षं लागतील. वाहून आलेल्या खडीचा थर मात्र एका दुपारीत पडू शकतो. दोन्ही थर कापात सारख्याच जाडीचे दिसतात.

ते तापमापकही नाहीत. ‘सरासरी तापमान अमुक अंश होतं’ असं थरांची खडी सांगत नाही. ती सांगते ते असं: इथली जमीन वारंवार शून्य अंशाच्या खाली-वर जात होती, गोठायला पुरेशी ओल होती, आणि उतार उघडा होता. हे तिसरं फार लोक विसरतात. मुळं ज्या मातीला धरून ठेवतात तिथे बर्फाच्या सुयांना काम करता येत नाही. झाडी असलेल्या उतारावर गोठण-वितळण झालं तरी असे सुबक थर पडत नाहीत. तेव्हा एका अर्थी ही खडी झाडांच्या गैरहजेरीची नोंदवही आहे.

जमिनीने शून्य अंश वारंवार ओलांडावा लागतो, म्हणूनच अतिथंड प्रदेश या कामात मागे पडतो. सैबेरियाच्या आतल्या भागात जमीन हिवाळ्यात एकदा गोठते ती महिनोन्‌महिने गोठूनच राहते. थंडी भयंकर, पण शून्य ओलांडण्याच्या फेऱ्या कमी. उलट मिस्तीवर वर्षाची सरासरी त्यामानाने कितीतरी सौम्य, पण फेऱ्या रोजच्या. गोठलेल्या भूतकाळाचं चित्र रंगवताना आपण उगाचच सगळीकडे ध्रुवप्रदेश कल्पितो. मध्य अक्षांशांवर तर सूर्य तेव्हाही आजच्याइतकाच वर चढत होता. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर हिवाळ्यातही दुपारी जमीन सुटत असणार आणि रात्री पुन्हा आवळत असणार.

जास्त पक्की थंडी हवी असेल तर दुसरे साक्षीदार बोलवावे लागतात. कायम गोठलेल्या जमिनीत थंडीने भेगा पडतात, त्यांत पाणी जाऊन बर्फाच्या पाचरी बनतात, आणि बर्फ गेल्यावर त्या जागी वाळू-माती भरून पाचरीचा ठसा उरतो. असा ठसा सापडला तर तिथे पर्माफ्रॉस्ट होता, म्हणजे वर्षाची सरासरी शून्याच्या बऱ्याच खाली होती, असं म्हणता येतं. थरांच्या खडीला पर्माफ्रॉस्टची गरज नसते. दोन्ही एकाच परिसरात सापडले तर चित्र ठसठशीत होतं. वाऱ्याने आणलेली लोएसची पिवळसर माती, परागकण, प्राण्यांची हाडं यांचीही साथ लागते. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या त्या काळच्या मानवी वस्त्यांत रेनडियरची हाडं ढिगांनी मिळतात. रेनडियर आज उत्तर ध्रुवाकडच्या थंड मुलखात राहतो.

या सगळ्यातून जे चित्र उभं राहतं ते शेवटच्या हिमयुगाचं. त्याचा कळस साधारण २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वीचा. पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक युगाआधीच्या मानाने सुमारे ६ अंशांनी कमी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरांहून अधिक खाली. शारांतवर हिमनदी कधीच नव्हती. उत्तरेची प्रचंड हिमचादर पुष्कळ दूर होती, पण तिच्या बाहेरच्या मुलखातही जमीन गोठण-वितळणाच्या तावडीत होती. अशा मुलखासाठी पोलंडचा वालेरी वोजिन्स्की याने १९०९ साली ‘पेरीग्लेशियल’, म्हणजे हिमनदीच्या कडेचा, हा शब्द आणला. कार्पेथियन डोंगरांतल्या फुटक्या दगडांच्या उतारांवरून त्याला तो सुचला होता. आज तो शब्द हिमनदी जवळ असो वा नसो, गोठण-वितळणाच्या कुठल्याही प्रदेशाला लावतात.

वय काढणं: सगळ्यात अवघड भाग

थंडी होती हे कळलं, पण कधी? कार्बन-१४ पद्धतीला, म्हणजे काळाबरोबर घटत जाणाऱ्या या कार्बनवरून वय काढायला, सेंद्रिय पदार्थ लागतो, आणि झाडंच नसलेल्या उतारावर तो कुठून मिळणार? क्वचित कोळशाचा तुकडा, क्वचित हाड. गोगलगायींचे शंख मिळतात, पण ते दगा देतात. चुनखडीच्या भागातली गोगलगाय कवच बनवताना दगडातला चुनाही वापरते. त्या चुन्यातला कार्बन कोट्यवधी वर्षांचा, त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. मिसळ झाल्याने शंख आहे त्यापेक्षा म्हातारा निघतो. आणि तसंही ही पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे चालत नाही.

दुसरी वाट प्रकाशाची. क्वार्ट्झचा कण अंधारात गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्साराने त्यात ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत त्याच्यावर प्रकाश टाकला की ती मंद चमकेच्या रूपाने बाहेर येते, आणि किती साठली त्यावरून किती काळ अंधारात होता ते कळतं. अट एवढीच की गाडला जाण्यापूर्वी कणाने ऊन खाल्लेलं असावं, म्हणजे जुनी ऊर्जा पुसली जाते. उतारावरचा प्रवास कधी पाच-पन्नास मीटरांचा, तोही मातीच्या आतून. काही कणांना ऊन लागतच नाही आणि वय पुन्हा फुगतं. मात्र थरातली बारीक माती वाऱ्याने आणलेली असेल तर काम सोपं होतं. ती धूळ हवेतून आली, तिने भरपूर ऊन पाहिलं. खडीचं वय खडी सांगत नाही, तिच्यात येऊन बसलेली पाहुणी धूळ सांगते.

कपचीच्या तळाशी साचलेल्या चुन्याचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येतं. चुना नंतरचा असल्याने खडी निदान तेवढी तरी जुनी, एवढं नक्की होतं. अपेनाइनमध्ये या थरांच्या अधेमधे पुरल्या गेलेल्या जुन्या मातीचे गडद पट्टे सापडतात. तेवढा काळ उतार शांत होता, वर काहीतरी रुजत होतं, मग पुन्हा थंडी आली आणि त्या मातीवर खडी चढली. अशा पट्ट्यांमुळे सलग दिसणारा ढीग वेगवेगळ्या काळांत फोडता येतो.

या विषयात घाई फार झाली आहे हेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्यात ‘धारदार कपच्या म्हणजे थंडी, गोलसर म्हणजे ऊब’ असं समीकरण लावून गुहा आणि कातळाखालच्या निवाऱ्यांमधल्या थरांवरून हवामानाचे लांबलचक तक्ते मांडले गेले. नंतर वयं काढली, पातळ काप तपासले, तेव्हा त्यातलं बरंच डळमळीत निघालं. छतातून पडणारा दगड थंडीनेच पडतो असं नाही. ओलाव्याने, क्षारांनी, भूकंपानेही पडतो. कोरड्या, उघड्या उतारांवर जोरदार पावसानेही खडी आणि माती वेगळी होऊन थर पडू शकतात, बर्फाचा तिथे काही संबंध नसताना. म्हणून भूमध्य सागराभोवतीच्या अनेक जागांबद्दल अजून वाद आहेत, आणि ते वाद योग्यच आहेत. गाळाच्या टोप्या आणि बर्फाच्या चकत्यांचे साचे दाखवल्याशिवाय ‘ही थंडीची खडी’ असा शिक्का मारू नये, असं माझं मत.

शारांतच्या खाणीकडे परत येऊ. कापाच्या अगदी वरच्या टोकाला नजर नेली तर थर एकाएकी संपतात. तिथे तपकिरी, भुसभुशीत माती आहे, गांडुळांनी चाळलेली, मुळांनी भरलेली. तिच्यात खालच्याच कपच्या आहेत, पण विखुरलेल्या, वाटेल तशा पडलेल्या, कडा किंचित बोथटलेल्या. एकही मोकळा थर नाही. हिमयुग संपून आजचा उबदार काळ सुरू झाला त्याला सुमारे ११,७०० वर्षं झाली. त्या सगळ्या वर्षांचा ऐवज म्हणजे ही वरची जेमतेम हातभर माती. द्राक्षवेलीचं मूळ तिच्यातून खाली उतरतं आणि मोकळ्या थराशी पोचलं की ओल शोधत फटीफटींतून आडवं पसरत जातं.